एकाच स्लॅबवर किती भाषा: बांधकामाचे शब्द आणि त्यांतून होणारे घोटाळे

मराठीत मोळी बांधतात, फेटा बांधतात आणि घरही बांधतात. बेळगावच्या बाजारात कानावर पडणाऱ्या कन्नडातही तसेच आहे. ‘हू कट्टु’ म्हणजे फुले बांधणे, ‘मने कट्टु’ म्हणजे घर बांधणे, आणि इमारत म्हणजे ‘कट्टड’. तमिळ आणि तेलुगूतही हाच धातू दोन्ही कामे करतो. आपण संध्याकाळी ज्यावर बसतो तो कट्टा कन्नडातल्या ‘कट्टे’चा सख्खा भाऊ. संस्कृतातला ‘बंध्’ आणि द्रविड भाषांतला ‘कट्टु’ यांचे मूळ वेगळे, तरी बांधकामाकडे दोघांनी एकाच नजरेने पाहिले आहे. वासे, बांबू आणि कूड सुंभाने आवळून उभ्या केलेल्या घराला हे क्रियापद चपखल बसते, आणि आरसीसीच्या घरात सळ्या तारेने बांधणाऱ्यालाही ते तितकेच लागू पडते.

हिंदीत मात्र घर ‘बनाते हैं’, आणि ‘बाँध’ म्हटले की धरण. दूरच्या भाषांत तर नजर पूर्णपणे वेगळी. जर्मनमध्ये बांधणे म्हणजे ‘बाउएन’. त्याचा जुना अर्थ वस्ती करणे, राहणे, म्हणून त्याच मुळातून आलेल्या ‘बाउअर’चा अर्थ शेतकरी. लॅटिनमधले ‘स्त्रुएरे’ म्हणजे थरावर थर रचणे; इंग्रजीतले स्ट्रक्चर आणि कन्स्ट्रक्शन त्याचेच वंशज. रशियन ‘स्त्रोइत’च्या पोटात ओळ आणि मांडणी आहे. जपानी ‘तातेरु’ म्हणजे उभे करणे. काम तेच, पण कुणी गाठ मारण्याचा क्षण पकडला, कुणी थर लावण्याचा, कुणी खांब उभा राहण्याचा, तर कुणी त्यात राहायला जाण्याचा.

तंत्र येते तेव्हा शब्दही येतात

बांधकामाचे शब्द शब्दकोशातून पसरत नाहीत. ते कारागिरांबरोबर आणि मालाबरोबर येतात. जर्मनमध्ये भिंतीला दोन शब्द आहेत. ‘वांट’ हा शब्द वळणे, गुंडाळणे या अर्थाच्या क्रियापदातून आला; काटक्या विणून वर माती लिंपलेली भिंत, म्हणजे आपला कूड. दुसरा शब्द ‘माउअर’, दगडी किंवा विटांची भिंत. तो लॅटिन ‘मुरुस’वरून आला, कारण तशी भिंत रोमन लोकांनी आणली. कौल, चुना आणि खिडकी यांचे जर्मन शब्दही त्याच वाटेने लॅटिनमधून आलेले आहेत.

आपल्याकडचा हिशेब असाच लागतो. इमारत, दरवाजा, कमान, पाया, गिलावा, मजूर, कारागीर हे शब्द फारसी-अरबीतून आले. पाया म्हणजे मुळात पाय, आणि गिलाव्यात ‘गिल’ म्हणजे चिखल. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडात पायाला ‘बुनादी’ म्हणतात, तोही फारसी ‘बुनियाद’च. खानापूरच्या घाटाखाली गोवा असल्यामुळे पोर्तुगीज शब्दांचा ओघही मोठा. ‘मेश्त्रि’चा मेस्त्री झाला, ‘गामेला’ या लाकडी परातीचे घमेले झाले. चावी तिकडचीच आणि शनिवारी वाटायचा पगारही तिकडचाच. बेळगावकडे घमेल्याला सर्रास बुट्टी म्हणतात, आणि तो शब्द इथल्या कन्नडातही आहे.

मेस्त्री या शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘मागिस्तेर’, म्हणजे गुरू. फारसी ‘उस्ताद’चाही अर्थ तोच. तुर्कस्तानात गवंड्याला ‘उस्ता’ म्हणून हाक मारतात, आणि आपल्याकडे तोच शब्द वस्ताद होऊन तालमीत गेला. सुतार हा मुळात सूत्र धरणारा. उत्तर कर्नाटकात त्याला ‘बडिगेर’ म्हणतात, आणि हा शब्द हिंदीतल्या ‘बढ़ई’च्या कुळातला, संस्कृत ‘वर्धकि’वरून आलेला. जपानीत सुताराला ‘दाइकु’, म्हणजे मोठा कारागीर, म्हणतात. घरे लाकडाची असली की सुतारच मुख्य.

विटेचा प्रवास याहून लांबचा. संस्कृत ‘इष्टका’पासून मराठी वीट, हिंदी ईंट आणि कन्नड ‘इट्टिगे’. फारसी ‘खिश्त’ही याच घराण्यातला. दुसरे घराणे इजिप्तचे. प्राचीन इजिप्ती भाषेतला कच्च्या विटेचा शब्द कॉप्टिकमध्ये गेला, तिथून अरबीत ‘अत्-तूब’ झाला, अरबांबरोबर स्पेनला जाऊन ‘अडोबे’ झाला आणि स्पॅनिश लोकांबरोबर अमेरिकेत पोहोचला. मातीच्या विटेचे घर म्हणून आज जगभर वापरला जाणारा अडोबे हा शब्द हजारो वर्षे विटेबरोबरच फिरला.

बेळगावकरांना जवळचा शब्द मात्र चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा. खानापूरपासून बेळगाव शहरापर्यंत जमिनीखाली जांभा आहे, तर पूर्वेला चिकोडी-अथणीकडे काळा दगड आणि काळी माती. जांभ्याला कन्नडात ‘जंबिट्टिगे’ म्हणतात. त्या शब्दाच्या शेवटी ‘इट्टिगे’ आहे, म्हणजे वीट. आणि ते अगदी बरोबर आहे, कारण खाणीत हा दगड इतका मऊ असतो की विटेसारखा कापता येतो, आणि हवा लागल्यावर टणक होतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन हा स्कॉटिश डॉक्टर मलबारात अंगाडिपुरमजवळ फिरला तेव्हा तिथल्या लोकांच्या तोंडी त्याला ‘विटेचा दगड’ असाच शब्द सापडला. त्यावरून १८०७ मध्ये त्याने लॅटिन ‘लातेर’, म्हणजे वीट, घेऊन लॅटराइट हे नाव ठेवले. जगभरच्या भूगर्भशास्त्राने उचललेले हे नाव म्हणजे आपल्या किनाऱ्यावरच्या पाथरवटांच्या शब्दाचे भाषांतर आहे. मऊ निघणारा दगड म्हणून जो गुण त्या नावात आला, तोच बांधताना त्रास देतो. खाणीतून आजच काढलेला ओला चिरा लगेच भिंतीत घालू नये. तो उन्हावाऱ्यात वाळू द्यावा, आणि त्यात पांढरट मऊ मातीची नळी किंवा खळगी दिसली तर तो चिरा बाजूला काढावा, कारण पावसात ती माती धुऊन जाते आणि भिंत तिथे पाणी पिते.

गुण्या, ओळंबा, पाणसळ

काटकोन तपासायचा गुण्या हा बेळगावच्या गवंड्याच्या पिशवीतला फार दूरवरून आलेला शब्द आहे. ग्रीकमध्ये ‘गोनिया’ म्हणजे कोन. तो फारसीत ‘गुनिया’ झाला, तुर्कीत ‘ग्योन्ये’ झाला आणि आपल्याकडे गुण्या. इस्तंबूलमधल्या गवंड्याला फक्त हा शब्द ऐकवला तरी तो योग्य हत्यार हातात देईल. सुताराचा रंधाही तसाच: फारसीत ‘रंदे’, तुर्कीत ‘रेन्दे’.

गुण्या लहान असतो, म्हणून घराच्या आखणीला तो पुरत नाही. तिथे दोरीने ३-४-५ चा त्रिकोण लावतात: एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट, आणि दोन्ही खुणांमधले अंतर नेमके ५ फूट आले तर कोपरा काटकोनात. चूक होते ती त्रिकोणाच्या आकारात. ३-४-५ फुटांच्या त्रिकोणात कर्ण १ इंच चुकला, तर ४० फुटांवर भिंत जवळजवळ १७ इंच सरकते. ६-८-१० घेतला तर तीच १ इंचाची चूक सुमारे ८ इंचांवर येते, आणि ९-१२-१५ घेतला तर साडेपाच इंचांवर. म्हणून जागा असेल तितका मोठा त्रिकोण घ्यावा, टेप ताणून धरावा, आणि शेवटी चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आले का पाहावे.

ओळंबा म्हणजे लोंबणारा. कन्नडातला ‘तूगुगुंडु’ म्हणजेही लोंबता गोळा. युरोपात मात्र नाव धातूवरून पडले: लॅटिनमध्ये शिशाला ‘प्लुंबुम’, म्हणून इंग्रजीत प्लंब, स्पॅनिशमध्ये ‘प्लोमादा’, आणि शिशाचे नळ जोडणारा तो प्लंबर. ओळंब्याने भिंत बघताना ३ मीटर उंचीत ६ मिलिमीटरपेक्षा जास्त कल नसावा. सपाटी पाहायच्या साधनाला मराठीत पाणसळ, कन्नडात ‘रसमट्ट’; एकात पाणी, दुसऱ्यात रस, म्हणजे द्रव. आता बहुतेक ठिकाणी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतात. त्या नळीत हवेचा बुडबुडा अडकला की दोन्ही टोकांची पातळी खोटी दिसते. म्हणून खूण करण्याआधी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का ते पाहावे.

सिमेंट म्हणजे पूर्वी खडी

रोमन लोक ‘कायमेंतुम’ म्हणत ते दगडाच्या ओबडधोबड तुकड्यांना, म्हणजे आपल्या भाषेत खडीला किंवा डबराला. चुन्यात ते तुकडे घालून केलेल्या बांधकामाला त्यावरून नाव पडले, आणि पुढे नाव तुकड्यांवरून सरकून त्यांना धरून ठेवणाऱ्या मालावर गेले. १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. ते घट्ट झाल्यावर पोर्टलँडच्या दगडासारखे दिसते म्हणून हे नाव. काँक्रीट म्हणजे लॅटिनमध्ये ‘एकत्र वाढलेले, घट्ट झालेले’. फ्रेंच, जर्मन, रशियन, तुर्की या भाषांत त्याला ‘बेटन’ किंवा त्याच्या जवळचा शब्द आहे. एकाच भाषेतही फूट पडते: स्पेनमध्ये ‘ओर्मिगोन’, लॅटिन अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी ‘कोंक्रेतो’, पोर्तुगालमध्ये ‘बेताओं’, ब्राझीलमध्ये ‘कोंक्रेतू’.

चिनीत सिमेंट म्हणजे ‘श्वेनी’, पाणी-चिखल. काँक्रीटचा पूर्ण शब्द तीन चिन्हांचा, आणि लिहायला ३० रेघा लागतात. नोंदी करताना वेळ जातो म्हणून त्साय फांगयिन या स्थापत्यतज्ज्ञाने १९५३ मध्ये १० रेघांचे एकच चिन्ह वापरात आणले. त्यात माणूस, काम आणि दगड ही तीन चिन्हे एकत्र आहेत: माणसाने केलेला दगड. माझ्या मते काँक्रीटची इतकी नेमकी व्याख्या दुसऱ्या कुठल्या भाषेने एका अक्षरात केलेली नाही.

घोटाळा मापात होतो

सीमाभागात शब्द वेगळे असल्याने काम अडत नाही. वाळूला कोणी रेती म्हणो, कोणी ‘उसुकु’, गाडीतून तेच उतरते. बेंगळुरूकडे खडीला ‘जल्ली’ म्हणतात. ते ऐकून मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर जाळी येऊ शकते, पण दोन वाक्यांत उलगडा होतो. पैसे जातात ते शब्द तोच आणि माप वेगळे असते तिथे.

ब्रास घ्या. वाळू, खडी, डबर यांचा ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. गिलावा, फरशी, रंग यांचा ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. शिवाय कर्नाटकात ‘चदर’ आहे. नुसते चदर म्हणजे १०० चौरस फूट, पण ‘चदर अडि’ म्हणजे १ चौरस फूट. ‘१२ चदरचे घर’ म्हणजे १,२०० चौरस फुटांचे. दर ठरवताना हा एक शब्द गळाला तर आकडा शंभरपट इकडेतिकडे होतो. इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते हे खरे. पण चदरमध्ये जिना, गॅलरी आणि ओटा धरला आहे की नाही, ही चूक शेवटच्या बिलापर्यंत कळत नाही. ते कागदावर लिहून घ्यावे.

वाळू टनावर घेतली तर हिशेब आणखी बदलतो. कोरड्या वाळूचा एक ब्रास साधारण सव्वाचार ते साडेचार टन भरतो. ओली वाळू मात्र फुगते. चार-पाच टक्के ओलाव्याला बारीक वाळूचे आकारमान २५ ते ३० टक्क्यांनी वाढू शकते, म्हणजे ब्रासच्या मापाने ओली वाळू घेणारा हवा विकत घेतो, आणि टनाने घेणारा पाणी. तपासायची रीत सोपी. सरळ उभ्या डब्यात ओली वाळू न दाबता २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरा. ती काढून डबा अर्धा पाण्याने भरा, तीच वाळू पाण्यात सोडा, ढवळा आणि बसू द्या. आता ती १६ सेंटिमीटरवर बसली, तर फुगवटा २५ टक्के. मिश्रण मापाने घालत असाल तर वाळू तेवढी जास्त घ्यावी लागते, नाहीतर काँक्रीटला वाळू कमी पडते.

सळईच्या बाबतीत ‘सूत’ अजून जिवंत आहे. एका इंचाचे ८ सूत, म्हणजे १ सूत सुमारे ३.२ मिलिमीटर. कन्नडात सळईला ‘सरळु’ म्हणतात, पण माप तिथेही सुतातच बोलले जाते. अडीच सुती म्हणजे ८ मिलिमीटर, तीन सुती १०, चार सुती १२, पाच सुती १६. इथे एक बारीक खोच आहे. तीन सूत म्हणजे ९.५ मिलिमीटर, त्याऐवजी १० मिळते, म्हणजे थोडे जास्तच. चार सूत म्हणजे खरे तर १२.७ मिलिमीटर, आणि मिळते १२. व्यास जरासाच कमी, पण लोखंडाचे क्षेत्रफळ जवळजवळ ११ टक्के कमी होते. जुन्या घराच्या अंदाजावरून ‘तिथे चार सुतीच्या चार सळ्या होत्या, इथेही तेवढ्याच घाला’ असे म्हणणे म्हणूनच धोक्याचे. वजन तपासायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ करा; उत्तर एका मीटरचे किलो. १२ मिलिमीटरच्या १२ मीटर लांब सळईचे वजन १०.६७ किलो यायला हवे.

मजल्यांची मोजणीही देशोदेशी वेगळी. आपल्याकडे, ब्रिटनमध्ये आणि फ्रान्समध्ये तळमजला शून्य, त्याच्या वरचा पहिला. अमेरिका, रशिया, चीन, जपान इथे जमिनीवरचाच पहिला.

सेंट्रिंग ‘काढले’ म्हणजे नेमके काय काढले?

काँक्रीट ओतायच्या साच्याला फ्रेंचमध्ये ‘कोफ्राज’, म्हणजे पेटी केलेली. जर्मन ‘शालुंग’ म्हणजे कवच. आपल्या बाजूला सगळे सेंट्रिंग म्हणतात. हा शब्द कमानीखालच्या लाकडी आधारावरून आला, आणि आज त्यात फळ्या, पत्रे, बाजूचे पाट, टेकू, बल्ल्या, जॅक सगळे येते. धोका इथेच आहे. ‘सेंट्रिंग तीन दिवसांनी काढले तरी चालते’ हे वाक्य अर्धेच खरे असते.

आयएस ४५६:२००० या भारतीय मानकात प्रत्येक भागाची मुदत वेगळी आहे. खांब, भिंत आणि तुळईच्या उभ्या बाजू १६ ते २४ तासांनी उघडता येतात. स्लॅबखालचे पत्रे ३ दिवसांनी काढता येतात, पण टेकू लगेच पुन्हा लावायचे या अटीवर. तुळईखालचे पत्रे त्याच अटीवर ७ दिवसांनी. टेकू काढायला, दोन आधारांमधले अंतर साडेचार मीटरपर्यंत असलेल्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. ६ मीटरपर्यंतच्या तुळईला १४ दिवस, त्याहून मोठीला २१. हे आकडे साध्या पोर्टलँड सिमेंटचे, आणि हवेचा पारा १५ अंशांच्या खाली जात नसेल तेव्हाचे. बेळगावात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो त्याखाली उतरतो, आणि दुकानात बहुतेक वेळा राखमिश्रित सिमेंट, म्हणजे पीपीसी, मिळते, जिची ताकद सावकाश वाढते. म्हणून मुदत वाढवावी, आणि किती ते इंजिनिअरकडून लिहून घ्यावे. ठेकेदाराशी बोलताना सेंट्रिंग हा शब्द टाळून ‘पत्रे कधी, टेकू कधी’ असे दोन प्रश्न वेगळे विचारावेत. छज्ज्याचे टेकू काढताना मोकळ्या टोकाकडून भिंतीकडे यावे, आणि दोन खांबांमधल्या स्लॅबचे मधून कडेकडे.

पाणी मारणे

स्लॅब टाकल्यावर आपण पाणी ‘मारतो’. इंग्रजीतल्या क्युअरिंगच्या मुळाशी लॅटिन ‘कुरा’, म्हणजे काळजी. जर्मनमध्ये ‘नंतरची निगा’. चिनीत ‘यांगहु’, पोसणे आणि जपणे. जपानीत ‘योजो’; हाच शब्द तब्येत जपण्यालाही वापरतात. या चौघांनी नाव ठेवले ते हेतूचे. आपल्या शब्दात कृती आली आणि हेतू बाहेर राहिला, म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाइप फिरवला की काम झाले असे वाटते. पण सिमेंटची पाण्याशी होणारी प्रक्रिया आठवडेच्या आठवडे चालते. मधल्या उन्हात पृष्ठभाग सुकला की वरच्या थरात ती थांबते. तो थर भुरभुरतो, बारीक तडे जातात, आणि त्यातून पाणी सळईपर्यंत पोहोचते.

मानक सांगते ते पृष्ठभाग सतत ओला ठेवायला: साध्या सिमेंटला निदान ७ दिवस, पीपीसी असेल किंवा हवा कोरडी आणि गरम असेल तर निदान १०, आणि शक्य असेल तर १४. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या वाऱ्यात स्लॅब टाकला तर पहिले तडे काही तासांतच पडतात, पाणी मारायची वेळ येण्याआधी. म्हणून घोटाई संपली की प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, आणि बोट रुतेनासे झाले की ओले गोणपाट. दुसऱ्या दिवशी कमी सिमेंटच्या मसाल्याचे छोटे वाफे करून त्यात एक-दोन इंच पाणी साठवावे. एक मोठा वाफा करू नये, एका ठिकाणी फुटला तर सगळे वाहून जाते. खांबाला वाफा करता येत नाही. त्याला गोणपाट सुतळीने गच्च गुंडाळावे आणि वरच्या टोकाकडून पाणी सोडावे, म्हणजे ते झिरपत खाली येते. दुपारी दोनच्या सुमाराला त्याच्या खालच्या भागाला हात लावून पाहावा. गोणपाट कोरडे लागले तर तो दिवस हिशेबात धरू नये.